माळावरचे गवत

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशाला थोड्याच अंतरावर मुलूख पालटल्यासारखा वाटतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; परंतु तेच ढग पुढे सरकता सरकता रिते होत जातात, आणि बारामती, दहिवडी, करमाळा, सोलापूर या बाजूला पोहोचेपर्यंत त्यांच्यापाशी वर्षाकाठी पाचशे ते सातशे मिलिमीटरहून अधिक पाणी क्वचितच उरते. येथे दाट अरण्य नाही. नदीनाल्यांच्या काठी काळी कसदार जमीन, तीवर ज्वारी-बाजरीची शेते, आणि उंचवट्यांवर दूरवर पसरलेला माळ, असा या मुलखाचा देखावा आहे. माळाची माती पुष्कळ ठिकाणी वीतभरही खोल नसते. तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक. अशा जमिनीत मोठा वृक्ष सहसा तग धरीत नाही. येथे राज्य असते ते गवताचे.

चैत्र-वैशाखात हा माळ पाहिला, तर तेथे काही जिवंत असेल असे कोणालाही वाटणार नाही. जिकडेतिकडे पिवळट काड्यांचे आखूड ठोंब, त्यांच्यामधून उघडी पडलेली तांबूस जमीन आणि वर तळपणारे ऊन. पण मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की आठवड्याभरात त्याच वाळलेल्या ठोंबांच्या बुडाशी हिरवे पाते दिसू लागते. हे पाते नव्या बियाण्याचे नसते. ठोंब मेलेला नव्हताच. तो निजलेला होता. एकदा रुजलेला असा ठोंब पुढे कित्येक वर्षे जगतो आणि दर पावसाळ्यात त्याच मुळांवरून पुन्हा वाढतो. माळावरची उत्तम गवते, म्हणजे पवन्या, मारवेल आणि डोंगरी, ही सारी अशी बहुवर्षायु आहेत. भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी कृषिसंशोधकांनी १९५४ ते १९६२ या काळात केली आणि तीवरून देशातील गवतांचे पाच मोठे प्रकार ठरविले. त्यांपैकी दक्षिणेच्या पठारावरील प्रकाराला जे शास्त्रीय नाव मिळाले, ते पवन्या आणि मारवेल यांच्याच नावांवरून. इतकी ही दोन गवते या भूमीची खरी रहिवासी आहेत.

आता एक नवल पाहण्यासारखे आहे. या गवताला खाणारी तोंडे काही थोडी नाहीत. काळविटांचे कळप या पठारावर फार प्राचीन काळापासून चरत आले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन झाले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नांदत असलेल्या खेड्याचे अवशेष सापडले, आणि त्यांत गाईबैलांची व शेळ्यामेंढ्यांची हाडेही होती. म्हणजे माणसाने पाळलेली जनावरेदेखील येथे निदान तीन हजार वर्षे गवत खात आहेत. एवढ्या काळात गवत संपून जावयास हवे होते. ते संपले नाही. उलट काही माळ असे आहेत की जे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कमरेइतक्या गवताने डुलत होते आणि आज तेथे मेंढीच्याही तोंडी लागेल असे पाते उगवत नाही. खाणारी जनावरे तीच, खाल्ले जाणारे गवतही तेच. मग एका ठिकाणी ते टिकले कसे आणि दुसऱ्या ठिकाणी नाहीसे झाले कसे?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम गवत वाढते कसे, ते पाहिले पाहिजे. दोन कुंड्यांत, एकीत हरभरा आणि दुसरीत गहू पेरावा. रोपे चार-पाच बोटे उंच झाली की कात्रीने दोहोंचे शेंडे छाटावेत. हरभऱ्याचे रोप छाटल्या जागी थांबून राहते. त्याची वाढ शेंड्यातून होत असते. शेंडा गेला की ती वाट बंद होते, आणि काही दिवसांनी बाजूने फांद्या फुटतात तेव्हाच ते पुढे सरकते. गव्हाचे तसे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहावे, तो कापलेले कोवळे पाते वर चढलेले असते, आणि त्याचे कापलेले बोथट टोक सर्वांत वर असते. याचा अर्थ असा की पात्याची वाढ टोकाकडून होत नाही. ते बुडाकडून वर ढकलले जाते. आपली नखे जशी मुळाकडून वाढतात, तसेच हे आहे. पात्याचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो.

गहू हेही एक गवतच आहे, आणि जे गव्हाचे तेच पवन्याचे व मारवेलचे. गवताचा वाढीचा कोंब पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगत, जुन्या पानांच्या आवरणात दडून बसलेला असतो. गाईने वरचे पाते ओढून खाल्ले, तरी तिचे तोंड तेथवर पोहोचत नाही. वनस्पतींमध्ये काटे धारण करून, कडू चीक बाळगून किंवा उंच वाढून जनावरांपासून बचाव करणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. गवताने मात्र आपला जीव खाली ठेवला आणि पाने वर केली. जणू काय न्यावयाचे ते न्या, पण मुळाशी हात लावू नका, असा सौदाच केला.

एवढ्यावरही भागत नाही. वरचा भाग खुडला गेला आणि बुडाशी ऊन पोहोचले की ठोंबाच्या पायथ्याशी निजलेले डोळे जागे होतात व त्यांतून नवे फुटवे निघतात. एका काडीच्या जागी चार काड्या होतात. वेळेवर आणि बेताने चरलेले गवत न चरलेल्या गवतापेक्षा पुष्कळदा दाट दिसते, त्याचे कारण हे. मात्र ज्वारी जशी पोटरीत येते, तसे गवतही भाद्रपदाच्या सुमारास पोटरीत येते. त्या वेळी वाढीचा कोंब काडीबरोबर वर चढतो आणि त्याचाच पुढे तुरा होतो. अशा वेळी जनावराने काडी तोडली तर तिच्याबरोबर तुराही जातो, आणि त्या वर्षीचे बी धरत नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते जमिनीच्या वरचे. खरा जमाखर्च जमिनीखाली चालतो. पाने उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांतले काही गवत लगेच वापरते, आणि काही ठोंबाच्या बुडाशी व मुळांत साठवून ठेवते. हीच त्याची शिल्लक. उन्हाळ्याचे सात-आठ महिने ठोंब या शिलकीवर जिवंत राहतो, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर पहिली पाने काढण्यासाठी तिच्यातूनच खर्च करतो. पुढे पाने मोठी झाली की ती घेतलेले फेडू लागतात. पाने वारंवार तोडली गेली, तर शिल्लक भरून येण्याआधीच पुन्हा खर्ची पडते.

अमेरिकेतील क्रायडर नावाच्या संशोधकाने गवताच्या पानांचा आणि मुळांचा हा संबंध प्रयोगाने दाखविला. त्याचे निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याने गवताची पाने कमी-अधिक प्रमाणात कापली व मुळांकडे लक्ष ठेवले. शंभरातील चाळीस भाग पाने कापली तोवर मुळे वाढतच राहिली. ऐंशी भाग कापली, तेव्हा मुळांची वाढ सुमारे बारा दिवस अजिबात थांबली. निम्म्याच्या आसपासपर्यंत गवत तोटा सोसते. त्यापुढे मात्र वरून एक घास जास्त गेला की खाली अनेक दिवसांचे काम बंद पडते. दक्षिणेच्या पठारावर पाऊस जेमतेम चार महिने, तोही खंड पाडून. अशा ठिकाणी बारा दिवस मुळे थांबली तर त्यांना ओलावा गाठावयास पुन्हा संधी मिळेलच असे नाही.

चरणारी सारी जनावरे एकाच रीतीने खातात असेही नाही. गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी यांना वरचे पुढचे दात नसतात. त्या जागी नुसती कठीण हिरडी असते. गाय आपली लांब खरखरीत जीभ गवताच्या जुडग्याभोवती गुंडाळते आणि झटक्याने ते तोडते. त्यामुळे अगदी आखूड गवत तिला नीट धरता येत नाही. काही बोटे गवत मागे राहतेच. मेंढीचे तोंड लहान, वरचा ओठ मधोमध चिरलेला आणि चपळ. ती जमिनीलगतचे कोवळे पाते नेमके टिपते. जेथे गाय उपाशी राहील तेथे मेंढीचे पोट भरते. पण त्याच कारणाने, मेंढ्या एका जागी फार दिवस राहिल्या तर गवताने जपून ठेवलेल्या बुडाला त्यांचे दात लागतात. शेळीची आवड निराळी. तिला गवतापेक्षा झाडपाला प्रिय. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीबाभळींचा पाला ओरबाडणारी शेळी कोणी पाहिली नसेल? माळ बिघडला की सर्व दोष शेळीवर टाकण्याची चाल आहे. गवतापुरते बोलावयाचे तर तो दोष तिच्याकडे सर्वांत कमी जातो.

जनावरांना निवडीची बुद्धी असते, आणि माळाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कळप माळावर सोडला की तो सगळे गवत सारखे खात नाही. प्रथम मारवेल आणि पवन्या यांच्यावर तोंड पडते. ती गोड आणि मऊ असतात. जे चविष्ट ते पुनःपुन्हा तोडले जाते, आणि जे बेचव ते शेजारीच निर्धास्त वाढते. असे काही वर्षे चालले की मारवेलचे ठोंब लहान होत होत मरतात. त्यांची रिकामी जागा कुसळी घेते.

कुसळी हेही कोवळे असताना बरे गवत आहे. गुरे ते आवडीने खातात. पण आश्विनात त्याला कुसळे धरली की जनावर त्याच्या वाटेस जात नाही. माळावरून चालून आलेल्या माणसाच्या धोतराला, साडीच्या काठाला ही कुसळे चिकटतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची रचना मोठी कौतुकाची आहे. बियाचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यामागे पिळदार लांब केस असतो. हा केस ओला झाला की पीळ सुटतो आणि वाळला की पुन्हा बसतो. त्या फिरण्याने बी गिरमिटाप्रमाणे जमिनीत शिरते. कुसळीला ही सोय जमिनीसाठी मिळालेली आहे. पण मेंढीच्या लोकरीत अडकलेले कुसळ तितक्याच सहजतेने तिच्या कातडीत शिरते, आणि मग जखमा होतात.

कुसळीनेही हार खाल्ली की बहुवर्षायु गवतांचा काळ सरतो. एकाच पावसाळ्यात उगवून, बी टाकून मरणारी, वीतभर उंचीची हलकी गवते येतात. त्यांची मुळे उथळ असतात आणि दसऱ्यानंतर लवकरच ती वाळून वाऱ्यावर उडून जातात. त्यांच्या मागोमाग तरोटा येतो, ज्याला पावसात गुरे तोंड लावीत नाहीत. कोठे कोठे गाजरगवतही येते. याच्या नावात गवत असले तरी ते गवताच्या कुळातले मुळीच नाही. हे अमेरिका खंडातून आलेले तण पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले व पुढे देशभर पसरले. हिरवेपणाच पाहावयाचा तर असा माळ पावसाळ्यात हिरवागार दिसतो. रस्त्याने जाणाऱ्याला तो चांगलाच वाटेल. तेथून परतणारी उपाशी मेंढी पाहिली म्हणजे खरे काय ते कळते.

गवताबरोबर मातीही जाते. बहुवर्षायु गवताची मुळे जाळ्यासारखी पसरून मातीचा प्रत्येक कण धरून ठेवतात. ठोंब मेले की जमीन उघडी पडते. पावसाचा थेंब तीवर आदळून माती उडवितो आणि ओहोळ ती वाहून नेतो. त्यातून भरपावसात एकाच वाटेने रोज शेकडो खुरे जाऊ लागली म्हणजे ओली जमीन दाबली जाऊन घट्ट होते आणि पाणी आत मुरत नाही. खुरांचा उपयोगही होतो हे येथे सांगितले पाहिजे. कोरड्या जमिनीवरील पापुद्रा ती फोडतात, गळालेले बी मातीत दाबतात. आणि जनावर माळावरून जे घेते त्यातला मोठा वाटा लेंड्या व शेण यांच्या रूपाने माळालाच परत देते.

हे सारे वाचल्यावर एक उपाय चटकन सुचतो. माळाला कुंपण घालावे, गुरांना बंदी करावी, म्हणजे गवत आपोआप सुधारेल. झिजलेल्या माळाला काही वर्षे असा विसावा दिला तर तो खरोखरच सुधारतो, जर जुन्या गवताची मुळे किंवा बी कोठेतरी शिल्लक असेल तर. पण बंदी कायमची केली तर काय होते, याचा एक प्रसिद्ध अनुभव महाराष्ट्राबाहेरचा आहे. तो माळाचा नसून पाणथळीचा आहे. तथापि गवत आणि जनावर यांचे नाते त्यात फार स्पष्ट दिसते.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाचे पक्ष्यांचे विख्यात वसतिस्थान आहे. थंडीच्या दिवसांत दूरदेशीची बदके तेथील उथळ तळ्यांवर हजारोंनी उतरतात. आसपासच्या खेड्यांतील म्हशी व गाई पिढ्यानपिढ्या तेथे चरत असत. जनावरांमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो या समजुतीने १९८२ च्या नोव्हेंबरात तेथील चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांशी झटापट होऊन गोळीबार झाला आणि त्यात काही माणसे प्राणास मुकली. एवढी किंमत देऊन लागू केलेल्या बंदीचे फळ काय मिळाले? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक १९८० पासून दहा वर्षे या जागेचा अभ्यास करीत होते. त्यांना असे आढळले की म्हशी गेल्यावर पाण्यात पसरणारे एक रांगते गवत बेसुमार माजले. पूर्वी म्हशी पाण्यात उतरून ते खात व तुडवीत. आता त्याने तळ्यांचा पृष्ठभाग झाकून टाकला, आणि पोहण्यासाठी व बुडी मारण्यासाठी ज्यांना मोकळे पाणी लागते त्या पक्ष्यांनाच जागा उरली नाही. जनावराला गवताचा शत्रू समजण्यात चूक होती, असे त्या दहा वर्षांच्या अभ्यासातून पुढे आले. पुढे गावकऱ्यांना आत जाऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. पण म्हशीचे काम विळ्याने पुरते होत नाही.

कोरड्या माळावरही याच प्रकारचा क्रम दिसतो. वर्षानुवर्षे कोणी चरले नाही, कापले नाही, तर जुन्या वाळक्या काड्या ठोंबावर साचत जातात. बुडाशी ऊन पोहोचत नाही, म्हणून नवे फुटवे निघत नाहीत, आणि ठोंब मधूनच पोकळ होऊ लागतो. उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर या साठ्यामुळे आग भडकते. शिवाय माळावर राहणाऱ्या पशुपक्ष्यांना उंच दाट गवत सर्वत्र नको असते. माळढोक पक्ष्याचेच पाहावे. हा भारदस्त पक्षी जमिनीवरच वावरतो, आणि मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळे मैदान लागते. पिलाला लपावयास व किडे टिपावयास मधूनमधून गवतही लागते. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. शिकार, नांगराखाली गेलेले माळ आणि विजेच्या तारा यांच्यामुळे आज हा पक्षी जगात दीडशेच्या आसपासच उरला आहे, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्राच्या माळांवर त्याचे दर्शन आता जवळजवळ होत नाही.

तेव्हा जनावराचे तोंड लागणे हा गवताला अपाय नाही. तेच तोंड किती दिवसांनी परत येते, यावर सारे अवलंबून असते. मोकळ्या माळावर काळवीट एके ठिकाणी ठाण मांडून बसत नाहीत. चारा संपला, पाणी आटले किंवा लांडग्याची चाहूल लागली की कळप जागा सोडतो. लांडग्याने एखादे काळवीट मारले तर ते डोळ्यांना दिसते. त्याच्या भीतीने कळप हलता राहिल्यामुळे गवताला मिळालेली सवड कोणाला दिसत नाही.

पाळीव कळपाला हलते ठेवण्याचे काम महाराष्ट्रात धनगरांनी केले. माणदेश, फलटण, बारामती या भागांतील मेंढपाळ दिवाळीनंतर आपली मेंढरे घेऊन बाहेर पडतात. अनेक कुटुंबे मिळून एक वाडा होतो. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, कुत्री, कोंबड्या, लहान मुले आणि पुढे मेंढ्यांचा कळप, असा हा वाडा रोज काही कोस चालत राहतो. मेंढ्यांची मोजदाद खंडीत, म्हणजे विसाच्या हिशेबात होते. कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात. तेथे भाताची कापणी झालेली असते. रिकाम्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवितात. त्यांच्या लेंड्यांनी व मुताने जमिनीला खत मिळते, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ज्येष्ठात पाऊस तोंडावर आला की वाडे माघारी फिरतात, कारण कोकणातल्या मुसळधार पावसात मेंढ्यांचे खूर नासतात.

या फिरतीमुळे उन्हाळ्याचे दिवस देशावरच्या माळाला बरेच निवांत जातात. वाळलेल्या ठोंबाची बुडे कुरतडली जात नाहीत, आणि उरलेल्या काड्या मातीला पांघरूण घालतात. गावाकडेही तजवीज असे. काही माळ कुरण म्हणून राखून ठेवीत. पावसाळाभर तेथे जनावर सोडीत नसत. गवताला तुरे येऊन बी गळले की विळ्याने कापणी करून गंजी रचीत, आणि त्यानंतर उरलेल्या खुंटांवर गुरे सोडीत. कुरण राखणाऱ्या म्हाताऱ्याला मुळांच्या शिलकीचे शास्त्र कोणी शिकविलेले नव्हते, तरी त्याने घातलेली अट अगदी त्या शास्त्रानुसार होती.

आता माळ आक्रसला आहे. धरणांचे पाणी आले तेथे ऊस झाला. शहरांजवळच्या माळांवर कारखाने व घरे उठली. सरकारी कागदांत पुष्कळ माळ पडीक जमीन म्हणून नोंदला गेला, आणि पडीक ती सुधारावी म्हणून कोठे कोठे गवत उपटून झाडे लावण्यात आली. कोकणाच्या वाटेवरही आता हमरस्ते आहेत आणि बागांना कुंपणे आहेत. मेंढ्या मात्र आहेतच, आणि त्यांना रोज चारा लागतोच. पूर्वी दहा माळांवर पांगणारे कळप दोन-तीन माळांवर येऊन पडतात, आणि मारवेलच्या ठोंबाला दोन चरायांमध्ये जो पंधरा-वीस दिवसांचा अवकाश हवा, तो मिळत नाही.

सर्वांत अवघड दिवस असतात ते मृगापासून पुढचे तीन आठवडे. ठोंबाने आपली सारी शिल्लक नुकतीच पहिल्या पानांत ओतलेली असते. या वेळी ती पाने गेली तर त्याचे वर्षाचे नुकसान होते. नेमक्या त्याच दिवसांत वाडे माघारी आलेले असतात. उन्हाळाभर चालून मेंढ्या रोडावलेल्या असतात, काहींच्या पोटाशी कोकरे असतात. पेरण्या सुरू झाल्यामुळे शेते त्यांना बंद झालेली असतात. समोर उरतो तो एकटा माळ, बोटभर हिरव्या पात्यांनी नुकताच रंगू लागलेला. जाणता मेंढका अशा वेळी कळप माळावर घालण्याची घाई करीत नाही. तो ओढ्याच्या काठाने, गाडीवाटांच्या कडेने, बांधाबांधाने मेंढ्या फिरवितो, बाभळीच्या फांद्या आकडीने वाकवून पाला पाडतो, आणि माळाचे गवत घोट्याएवढे होईपर्यंत दिवस काढतो. त्याच्या शेजारी दुसरा कळप येऊन उभा असला, आणि तो थांबावयास तयार नसला, तर मात्र त्यालाही थांबता येत नाही.